हवेचं वजन

भाऊजींनी तो मेसेज शहरभर पाठवला तेव्हा वहिनी दुकानाच्या मागच्या खोलीत एका वजनकाट्याचं पोट उघडून बसल्या होत्या. मेसेज असा होता: 'तुमचं वजन बरोबर आहे का? शंका असेल तर आजच संपर्क साधा. अचूक वजन, हीच आमची ओळख.' खाली दुकानाचं नाव नव्हतं, काट्याचं चित्र नव्हतं. होता तो फक्त वहिनींचा फोन नंबर, कारण बाईमाणसाचा नंबर दिसला की लोक बोलायला बिचकत नाहीत, असं भाऊजींचं मत होतं.

लोक बिचकले नाहीत हे मात्र खरं. पहिला फोन एका गृहस्थाचा आला. "माझ्या बायकोला जाडी म्हणणाऱ्या तुम्ही कोण?" त्याने सुरुवातच अशी केली, आणि वहिनींना काही उमगायच्या आत एवढं तोंडसुख घेऊन मोकळा झाला की त्यांच्या हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला. मग एका बाईंचा आला. त्या अजिबात चिडल्या नव्हत्या, उलट अगदी काकुळतीला आल्या होत्या. रोज चालते, गोड सोडलंय, तरी उतरत नाही, आता तुम्हीच काहीतरी सांगा. एका मुलाला वजन वाढवायचं होतं. एका निवृत्त शिक्षकांनी मेसेजमधला स्वल्पविराम चुकलाय असं कळवलं. दुपार व्हायच्या आत अर्धं शहर वहिनींच्या नावाने बोटं मोडत होतं.

"भाऊजी," वहिनी बाहेर येऊन म्हणाल्या, "आपण काटे विकतो हे त्यात कुठे लिहिलंय?"

भाऊजींनी मेसेज पुन्हा वाचला. मग आणखी एकदा वाचला. "वजन म्हटल्यावर माणसाला काटाच आठवणार ना!" ते म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

वजन म्हटलं की काटा आठवणं ही त्या घराचीच खोड होती. अण्णांच्या, म्हणजे वहिनींच्या सासऱ्यांच्या, वडिलांनी हे वजनकाट्यांचं दुकान काढलं. अण्णा दुकानाच्या पुढच्या बाजूला, रस्त्याकडे तोंड करून खुर्ची टाकून बसायचे आणि गिऱ्हाईक आपल्या पायांनी चालत यायचं. बाजार समोरच होता. नवं दुकान थाटायचं म्हणजे आधी काटा घ्यायचा, मग बाकीचं सामान, असा तो काळ. वहिनींचे यजमान नोकरीत रमले आणि त्यांनी दुकानाकडे कधी ढुंकूनही पाहिलं नाही. पण वहिनी सून म्हणून आल्या त्या वर्षीच काटा उघडायला शिकल्या, आणि भाऊजी हिशेबाला बसले. भाऊजी 'वहिनी' म्हणतात म्हणून दुकानातला नोकर वहिनी म्हणायला लागला, मग बाजार म्हणायला लागला. आता त्यांच्यापेक्षा वयाने मोठी माणसंही त्यांना वहिनीच म्हणतात.

गिऱ्हाईक यायचं कमी झालं तेव्हा ते शोधायची वहिनींनी स्वतःची एक तऱ्हा काढली. सकाळी बाजारातून हातात पिशवी घेऊन, कुणाशी एक शब्द न बोलता, फक्त कान उघडे ठेवून फिरायचं. कुठेतरी घेणारा आणि देणारा वजनावरून जुंपलेले असायचेच. तिथे वहिनी थांबायच्या. दोघांचा घसा बसेपर्यंत वाट बघायच्या आणि मग दुकानदाराला हळूच म्हणायच्या, "दादा, तुम्ही खरे आहात हो. पण तुमचा काटा तुमच्या बाजूने बोलत नाही." त्याच आठवड्यात तो माणूस दुकानात यायचा. वहिनींना जाहिरात कधी लागली नाही, लोकांची भांडणं पुरली.

पण आता बाजारात भांडणंच राहिली नव्हती. माल येतानाच पाकिटात बंद होऊन येतो, वजन वर छापलेलं असतं, आणि छापलेल्या आकड्याशी कोण भांडणार? वहिनी रस्ताभर फिरून यायच्या आणि कानावर पडायचे ते फक्त दुचाकींचे हॉर्न. त्यांनी फोन करून बघितले, तर अनोळखी नंबर कुणी उचलेना. पुढे पुढे लोकांच्या फोनवर वहिनींच्या नंबराशेजारी फसव्या नंबरांची लाल खूण दिसायला लागली. आयुष्यभर मापात पाप न केलेल्या बाईला यंत्राने परस्पर भामट्यांत बसवलं, याचा त्यांना फार राग आला होता.

त्यातच एक चष्मेवाला दुकानाची जागा भाड्याने मागत आला. चांगला माणूस होता, घासाघीस न करता मागू ते भाडं द्यायला तयार होता. भाऊजींनी सरळ सांगितलं, "वहिनी, काळ बदललाय. जागा देऊ, उरलेले काटे एकाला घाऊक देऊन टाकू आणि या धंद्याला हात जोडू." दुकान गेलं म्हणजे काट्यांचा धंदाही गेला, हे घरात सगळेच गृहीत धरून होते, वहिनीसुद्धा.  अण्णांनी खुर्ची आणखी थोडी पुढे ओढली आणि रस्त्याकडे बघत बसले.

वहिनींना ते बघवलं नाही. "महिनाअखेरपर्यंत थांबा," त्या म्हणाल्या. "तोवर नवं गिऱ्हाईक उभं केलं नाही, तर मी स्वतः चष्मेवाल्याच्या हातात किल्ली देईन." चष्मेवाला महिनाअखेरीला करार घेऊन येणार असं ठरलं. आणि वहिनींना मदत म्हणून, अगदी मनापासून, भाऊजींनी तो मेसेज पाठवला होता.

दुसरी कुणी असती तर तिने नंबर बदलला असता. वहिनींनी पदर खोचला आणि शिव्या देणाऱ्या एकेकाला स्वतःहून परत फोन लावला. "मी काटे विकते हो. माणसांच्या वजनाशी माझा काही संबंध नाही. चूक आमची झाली, माफ करा." गंमत म्हणजे आता लोक फोन उचलत होते, कारण त्यांना भांडायचं होतं. भांडणाऱ्या माणसाशी बोलण्यात तर वहिनींचा हातखंडा. बहुतेक जण शेवटी हसले. जाडीवरून चिडलेल्या गृहस्थाने तर बायकोला फोन दिला आणि ती बिचारी वहिनींशी बराच वेळ नवऱ्याच्याच तक्रारी बोलत बसली. काटा मात्र कुणालाच नको होता.

मग एका बाईने फोन उचलला आणि वहिनींना माफी मागूच दिली नाही. "माझं वजन गेलं खड्ड्यात! माझ्या पार्सलचं वजन कोण बघणार? घरी मोजते ते एक, कुरिअरवाला सांगतो ते दुसरंच. रोज भांडण. रोज!"

वहिनी बसल्या जागी ताठ झाल्या. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या कानावर तो शब्द पडला होता. त्यांनी पत्ता विचारला, सगळ्यात चांगला काटा पिशवीत घातला आणि निघाल्या.

ती बाई कापडी बाहुल्या करायची. एका खोलीचं घर, त्यात पलंगावर बाहुल्या, खिडकीत बाहुल्या, गॅसच्या शेगडीपासून हातभर अंतरावर कापसाची पोती. लोक फोनवर फोटो बघून बाहुली मागवायचे आणि ती कुरिअरने पाठवायची. दुकान नाही, पाटी नाही, शेजाऱ्यालाही पत्ता नाही. वहिनींना नवल वाटलं. या गल्लीवरून त्या वर्षानुवर्षं गेल्या होत्या.

बाहुलीवालीने खोकं बांधून दिलं. वहिनींनी काटा सपाट जागा बघून ठेवला, शून्यावर आणला, खोकं ठेवलं. आकडा आला. बाहुलीवालीच्या स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर आला होता तोच.

"बघा!" ती ओरडली. "मी म्हणत होते ना! तो लबाड आहे. ताई, हा तुमचा काटा द्याच मला. असला सरकारी छाप मारलेला पक्का काटा नेऊन त्याच्या तोंडासमोर आपटते."

गिऱ्हाईक समोर हात पुढे करून उभं होतं. महिन्यातले दिवस भराभर संपत होते. वहिनींनी नुसतं 'बरं' म्हटलं असतं तरी काटा विकला गेला असता, आणि खरं सांगायचं तर तो शब्द अगदी जिभेवर आला होता. पण हिच्या घरचा काटा बरोबर आहे हे तर आताच दिसलं. मग दुसरा घेऊन ही करणार काय? बरोबर काटा असलेल्या माणसाला आणखी एक काटा विकणं वहिनींना जमेना. "आधी त्याचा काटा बघू," त्या म्हणाल्या. "चला, मी येते."

कुरिअरचं ऑफिस म्हणजे एक गाळा. आत काउंटर, काउंटरमागे घामाघूम झालेला एक माणूस, आणि दाराबाहेरपर्यंत रांग. रांगेतला प्रत्येक जण खोकं छातीशी धरून उभा होता आणि पुढचा भांडत होता. वहिनी दारातच थबकल्या. मेणबत्त्या करणारी मुलगी भांडत होती, जुनी पुस्तकं विकणारा भांडत होता, यंत्रांचे सुटे भाग पाठवणारा तर काउंटरवर मूठ आपटत होता. त्यांना वाटलं होतं बाजार मेला. बाजार मेला नव्हता, लेकाचा जागा बदलून इथे येऊन उभा होता आणि वहिनी जुन्या जागी जाऊन त्याची वाट बघत होत्या.

नंबर आल्यावर वहिनींनी आपला काटा काउंटरवर ठेवला. काउंटरवाला वैतागला. "काकू, हे काय आता? माझा काटा खोटा आहे असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"मी काहीच म्हणत नाही. दोन्ही ठेवून बघू."

दोन्ही काट्यांवर एकच आकडा आला. रांगेत कुजबुज झाली. बाहुलीवालीचा चेहरा उतरला. "मग तुम्ही जास्त का लावता?"

काउंटरवाल्याने एक मोठा सुस्कारा टाकला, खिशातून मोजपट्टी काढली आणि खोक्याची लांबी, रुंदी, उंची घेतली. "खोकं केवढं मोठं आहे बघा. गाडीत जागा अडते. म्हणून आम्ही दोन वजनं धरतो, एक काट्याचं, एक आकाराचं. या तिन्हींचा गुणाकार करायचा, ठरलेल्या आकड्याने भागायचं. त्यात जे जास्त येईल त्याचे पैसे. बाहुली हलकी आहे हो ताई, पण तुम्ही तिच्याबरोबर खोकंभर हवा पाठवता."

वहिनी ऐकतच राहिल्या. त्यांच्या डोक्याचे केस वजनं करण्यात पांढरे झाले, आणि हवेचंही वजन धरतात हे त्यांना आज कळत होतं! क्षणभर त्यांना शरम वाटली. मग राग आला, स्वतःचाच. आणि मग त्यांच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. हे जर मला ठाऊक नव्हतं, तर या रांगेत कुणाला ठाऊक असणार?

त्यांनी बाहुलीवालीला बाजूला घेतलं, खोकं उघडलं, बाहुलीचे हातपाय दुमडून तिला एका लहान खोक्यात बसवलं. कापूसच तो, दबला. पुन्हा मापं घेतली. आता दोन्ही वजनं जवळजवळ सारखी आली. बाहुलीवाली आधी खोक्याकडे आणि मग वहिनींकडे बघत राहिली. "म्हणजे मला काटा नकोच होता," ती म्हणाली.

"नव्हता," वहिनी म्हणाल्या. विकायला निघालेल्या माणसाने असं कबूल करणं सोपं नाही, पण त्यांनी केलं. तेवढ्यात मागून मेणबत्तीवाली म्हणाली, "मावशी, माझं पण बघता का जरा?"

दुसऱ्या दिवशी वहिनी ऑफिस उघडायच्या वेळी दारात हजर. काउंटरवाल्याने हात जोडले. "काकू, इथे विक्री करायची नाही. साहेब मला काढतील."

"विकत नाही मी. तुझी भांडणं मी घेते," वहिनी म्हणाल्या. "रांग माझ्याकडून पुढे येईल. काट्याचं वजन, आकाराचं वजन, दोन्ही मी आधीच सांगेन. तुझ्यापर्यंत येईल तो शांत होऊन येईल. आठवडाभर बघ. नाही पटलं तर मी दिसणार नाही."

हा सौदा नाकारायला तो वेडा नव्हता. त्याने स्वतःहून एक स्टूल आणून दिलं, काटा ठेवायला.

पहिले दोन-तीन दिवस लोकांना वाटलं ही बाई कुरिअरवाल्यांचीच, आणि त्यांनी आपला सगळा राग तिच्यावर काढला. वहिनींनी तो आनंदाने काढू दिला. कुणाचं खोकं मोठं असायचं, कुणी उगीचच जाड पुठ्ठा वापरायचा, कुणी घरच्या डुगडुगत्या काट्यावर भरवसा ठेवून ग्रॅमभराने पुढच्या दरात जायचा. वहिनी एकेकाला समजावून सांगायच्या आणि 'काटा घ्या' हे शब्द तोंडातून बाहेर पडू द्यायच्या नाहीत. त्यासाठी त्यांना अक्षरशः जीभ चावावी लागत होती. घरी गेल्यावर भाऊजी विचारायचे, "आज किती गेले?" वहिनी म्हणायच्या, "एकही नाही." भाऊजी कपाळाला हात लावायचे.

अण्णांनी मात्र वेगळाच प्रश्न विचारला. "ते खोकं मोजायला तू पट्टी रोज हातात धरतेस?" वहिनी हो म्हणाल्या. अण्णा उठले, मागच्या खोलीत गेले आणि दोन दिवस कुणाला आत येऊ दिलं नाही. बाहेर आले ते एक काटा घेऊन. त्याच्या दोन कडांना काटकोनात लाकडी पट्ट्या, एका कोपऱ्यात तशीच उभी पट्टी, आणि तिन्हींवर मापाच्या रेघा. खोकं कोपऱ्यात सरकवलं की वजन आणि आकार एकदमच डोळ्यांसमोर. वहिनींनी काट्याकडे बघितलं, मग अण्णांकडे बघितलं. "रेघा जरा तिरप्या आल्यात," अण्णा म्हणाले. "पुढच्या वेळी सुधारतो."

तो काटा रांगेत नेला त्या दिवशी सुटे भाग पाठवणाऱ्याने तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "हा कुठे मिळतो?" वहिनींनी इतके दिवस चावलेली जीभ सोडली, आणि भांडणं मिटल्याने खूश असलेल्या काउंटरवाल्याने तिकडे काणाडोळा केला. त्यानंतर मेणबत्तीवालीने मागितला, तिने तिच्या ओळखीच्या अत्तरवाल्याला सांगितलं, त्याने आणखी कुणाला. बाहुलीवालीने तर आपल्यासारख्या घरून माल पाठवणाऱ्यांच्या ग्रुपवर वहिनींचा नंबर टाकला. आता उलट तिकडूनच फोन यायला लागले. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कुरिअरवाल्याने विचारलं, आमच्याकडे कधी येता? मागच्या खोलीत अण्णा आणि नोकर पट्ट्या कापत होते आणि भाऊजी, हिशेबाच्या खुर्चीतून कधीही न उठणारे भाऊजी, लाकूड आणायला धावत होते.

महिनाअखेरीला चष्मेवाला कराराचे कागद घेऊन आला. भाऊजींनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि घसा खाकरला. "साहेब, तुम्हाला उगीच हेलपाटा पडला. आमच्या वहिनींनी पैज जिंकली. जागा आता द्यायची नाही." हे सांगताना त्यांची छाती अशी फुगली होती की जणू पैज त्यांनीच लावली होती.

 वहिनी मात्र दुकानभर नजर फिरवत होत्या. काचेची कपाटं, त्यांत मांडलेले काटे, समोरचा रस्ता. महिनाभरात जे जे गिऱ्हाईक झालं त्यातलं एकही या दुकानात आलं नव्हतं. एकालाही हे दुकान कुठे आहे ते माहीत नव्हतं. ज्या जागेसाठी त्यांनी एवढा जिवाचा आटापिटा केला, त्या जागेवाचून धंदा उभा राहिला होता. मग हिच्यात अडकलेला पैसा तिकडे, पट्ट्यांच्या काट्यांत का नको घालायला? हे कळून आठवडा झाला होता, पण आजवर त्यांनी ते स्वतःशीसुद्धा मोठ्याने म्हटलं नव्हतं.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "सही करा."

"काय?"

"पुढचं दुकान यांना द्या. मागची खोली आपल्याकडे ठेवा, तिचं दार गल्लीत उघडतंच. काटे तिथे होतील. विकायला मी जिथे रांग आहे तिथे जाईन." चष्मेवाल्याकडे वळून त्यांनी विचारलं, "चालेल ना तुम्हाला?" त्याने भांबावून मान हलवली.

 एकेका बाबीचा हिशेब मनातल्या मनात करताना भाऊजींचा चेहरा बदलत गेला, आणि शेवटी त्यांनी खिशातलं पेन काढलं. सगळं रीतसर होत होतं. वहिनींचं म्हणणं बिनचूक होतं, कुणालाही त्यात खोट काढता आली नसती.

तेव्हा पुढच्या खुर्चीतून अण्णा म्हणाले, "मग मी कुठे बसायचं?"

तक्रार नव्हती. त्यांनी खरोखरच विचारलं होतं.  महिनाभर वहिनींनी लहान खोक्यांचा विचार केला, हवेचा केला, रांगेचा केला. आणि जे एक दृश्य बघवलं नाही म्हणून त्या या सगळ्याला भिडल्या होत्या, त्या खुर्चीचाच विचार करायचा राहून गेला होता. भाऊजींचं पेन कागदावर थांबलं.

वहिनी अण्णांच्या समोर जाऊन उकिडव्या बसल्या. "माझ्याबरोबर चला, अण्णा. काटा तुम्ही केलाय, लोक मला विचारतात आणि मला अर्धं सांगता येत नाही. दारापाशी सावली आहे. मी उभीच असते, खुर्ची एकच लागेल, ती तुम्हाला."

अण्णांनी एकदा समोरच्या रस्त्याकडे पाहिलं. चष्मेवाल्याने उगीचच आपला चष्मा काढून पुसला.

"त्या रांगेत म्हातारी माणसं असतात का गं?" अण्णांनी विचारलं.

"असतात ना. एक आजी आहेत, नातवंडांना स्वेटर विणून पाठवतात. एक आजोबा आहेत."

"आणि ती उभीच असतात?"

"हो."

"मग एक खुर्ची पुरायची नाही, सूनबाई," अण्णा म्हणाले, आणि उठून त्यांनी आपली खुर्ची घडी करून दाराशी ठेवली. मग भाऊजींची सही व्हायच्या आधीच ते आत गेले आणि मागच्या खोलीतल्या खुर्च्या एकेक करून बाहेर आणून पुसायला लागले.